घोड्याचा स्वभाव : खुणा आणि खोडी

श्रोतेहो, दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. तिथला घोड्यांचा बाजार लांबलांबच्या मुलखात नावाजलेला. घोडा घ्यायला आलेला जुना माणूस तिथं काय करतो, पाहा. दात तो मागाहून पाहतो. आधी घोड्याभोवती एक फेरी मारतो आणि अंगावरचे भोवरे शोधतो. केस जिथं गरगर फिरल्यासारखे उगवतात, तो भोवरा. गळ्याशी देवमण असला की किंमत चढते. नको त्या जागी गोम निघाली की धडधाकट घोडीसुद्धा दावणीला तशीच उभी राहते. चारी पाय आणि तोंड पांढरं असलं तर तो पंचकल्याणी, म्हणजे शुभ. एकच पाय पांढरा असला की लोक नाक मुरडतात. ही विद्या जुनी आहे. शालिहोत्र ऋषींच्या नावावर ती सांगतात, आणि घोड्याच्या वैद्याला आपण सलोत्री म्हणत आलो, तो शब्दही त्या नावावरूनच आला.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. आमचं गाव सिन्नरकडचं. वडिलांनी एकदा बाजारातून कुमैत घोडा आणला. पंचकल्याणी, वर गळ्याला देवमण! साऱ्या गावानं कौतुक केलं. आठ दिवस झाले नाहीत तोच खोगीर कसताना त्यानं माझ्या धाकट्या भावाच्या खांद्याचा लचका तोडला. मग जो तो म्हणू लागला, घोडा मूळचाच खुनशी. कुठंतरी गोम असणारच, नीट शोधा. वडिलांनी तो विकायचं ठरवलं.

शेजारगावी एक म्हातारा मोतद्दार होता. तो आला. भोवऱ्यांकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. खोगीर उतरवायला लावलं आणि मान संपून पाठ सुरू होते तिथल्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना बोटांनी हळूच दाबलं. घोड्यानं लगेच कान मागं पाडले, कातडी थरारली. म्हाताऱ्यानं केस फिसकटून दाखवले. आत रुपयाएवढे दोन पांढरे ठिपके!

"आबा, पायाचं पांढरं मोजलंत, हे नाही मोजलं व्हय?"

खोगिरानं झालेली जखम बरी झाली की पुष्कळदा तिथं पांढरे केस येतात. आमचं खोगीर नेमकं त्याच जागी रुतत होतं. दीड महिना पाठ मोकळी ठेवली, खोगीर दुरुस्त करून खाली जाड नमदा घातला. पुढं त्याच घोड्यावर माझ्या बहिणीची पोरं बसून नदीवर जात. भावाच्या खांद्यावरचा वण मात्र गेला नाही.

मग भोवरे सगळेच खोटे का? तसंही मी म्हणणार नाही. अमेरिकेत टेंपल ग्रँडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 साली गुरांची पाहणी प्रसिद्ध केली. कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर असलेली गुरं शिकंजात धरल्यावर जास्त धडपडत, असं त्यांना दिसलं. पोलंडमध्ये कोनिक जातीच्या घोड्यांवर 2007 साली असाच अभ्यास झाला. वर भोवरा असलेले घोडे हाताळायला अवघड निघाले. गर्भात कातडी आणि मज्जासंस्था एकाच थरातून घडतात, तेव्हा दोन्हींचा संबंध असू शकेल, असं शास्त्रज्ञ म्हणतात. पण हा हिशेब कळपाच्या सरासरीचा आहे, बरं का. तुमच्या पुढ्यातला घोडा कसा, ते त्यावरून ठरत नाही. आणि धन्याचं नशीब तर कुठल्याच भोवऱ्यात नसतं. गोम आहे म्हणून गुणी घोडी मातीमोल विकणाऱ्या गरिबाचं नुकसान मात्र खरं असतं.

म्हणून बाजारात खोगीर चढवून तयार ठेवलेला घोडा घेऊ नये. खोगीर उतरवायला सांगावं, पाठीवर तळवा फिरवावा, ओठांच्या कोपऱ्यात लगामाचे जुने वण आहेत का पाहावं. मग विकणाऱ्यालाच पुन्हा खोगीर चढवायला लावावं आणि आपण घोड्याच्या कानांकडे पाहावं. मारवाडी घोड्याचे कान आत वळून टोकाशी भिडतात, नवख्याला ते चमत्कारिक वाटतात. पण कानाचा आकार कसाही असो, ते वळतात कुठं तेवढं पाहायचं. मागं चपटे पडले, शेपटी फटकारू लागली, नाकपुड्या आवळल्या, की कुठंतरी दुखतंय किंवा भीती वाटतेय. डोळ्यातलं पांढरं दिसलं म्हणजे घोडा द्वाड, असं म्हणतात. काही घोड्यांना ते जन्मतःच दिसतं.

शिक्षक मंडळींना एक विनंती. यात्रेत मुलं घोड्याच्या मागून धावतात. घोड्याला आपल्या शेपटीमागचं दिसत नाही, आणि कपाळाच्या अगदी पुढचंही दिसत नाही. अचानक काही लागलं की तो लाथ झाडतो, त्यात खोड कसली? मुलांना सांगा, आधी हाक द्यायची, मग खांद्याच्या बाजूनं जायचं आणि पहिला हात मानेवर ठेवायचा.