गोल अंड्यातनं तलंगच निघते का?

आज मी कुपवाडच्या आमच्या बचत गटाच्याच फजितीची गोष्ट सांगणार आहे. तुमचे पैसे वाचले, तर आमची फजिती कामी आली म्हणायची.

गेल्या वर्षी माघात आम्ही बाजारातनं ३० गावरान अंडी आणली. विकणारा म्हणाला, "ताई, ही निवडून काढलेली गोल अंडी आहेत. सगळ्या तलंगाच निघतील." त्यानं अंड्यामागं पाच रुपये जादा घेतले. आम्हीही दिले, कारण आमच्या सासूबाईसुद्धा तेच सांगायच्या, गोल अंड्यात कोंबडी आणि टोकदार अंड्यात कोंबडा. तीन खुडूक कोंबड्यांखाली दहा-दहा अंडी ठेवली. २४ पिल्लं निघाली. दोन महिन्यांनी मोजलं, तर १३ कोंबडे आणि ११ तलंगा!

जादा दिलेले दीडशे रुपये गेले, त्याचं एवढं नाही. वीस-बावीस तलंगा धरून अंड्यांचा हिशेब मांडला होता आणि त्या हिशेबावर गटातनं कर्ज उचललं होतं. हप्ता द्यायची वेळ आली तेव्हा खुराड्यात निम्मे कोंबडे आरवत होते.

ही समजूत आपल्याकडचीच आहे असं नाही. ग्रीस देशातला ॲरिस्टॉटल नावाचा मोठा विद्वान, तेवीसशे वर्षांपूर्वीचा. त्यानं लिहून ठेवलंय की लांबट, टोकदार अंड्यात मादी असते आणि गोल अंड्यात नर. पुढं रोमच्या प्लिनीनं नेमकं उलटं लिहिलं. दोघंही शहाणे, पण दोघांचाही अंदाज चुकला.

का चुकला ते बघा. कोंबडीच्या पोटात बलक सुटतो, त्याच सुमाराला नर का मादी हे ठरून जातं. मग त्या बलकाभोवती पांढरं चढतं, पापुद्रा चढतो आणि शेवटी टरफल. नुसतं टरफल व्हायलाच वीसेक तास लागतात. म्हणजे आतलं आधी ठरलेलं असतं, बाहेरचा आकार नंतर येतो. आकार येतो तो त्या कोंबडीच्या अंगाच्या ठेवणीवर. एखादी कोंबडी कायम लांबट अंडी देते, दुसरी कायम गोल. म्हणून लांबट अंडी देणारीच्या पोटी नुसते कोंबडे येत नाहीत.

कुणी म्हणतं, ऊब कमी-जास्त केली की मादी निघते. आपल्या कृष्णेतल्या मगरीचं तसं आहे खरं. तिच्या घरट्यातल्या उबेवर पिल्लू नर का मादी हे ठरतं. कोंबडीचं तसं नाही. तिथं ऊब चुकली तर पिल्लू मरतं, बदलत नाही.

मग ही समजूत टिकली कशी? दहा अंड्यांतनं कधी सात तलंगा निघतात. तो नशिबाचा भाग, पण आपण ते वर्षभर सांगत बसतो. सात कोंबडे निघाले की गप्प बसतो. तुम्हाला पडताळा पाहायचा असेल, तर गोल अंडी एका कोंबडीखाली ठेवा, टोकदार दुसरीखाली. पिल्लांच्या पायाला दोन रंगांचे सैल दोरे बांधा, दोरा काचायच्या आत बदलत राहा आणि वहीत लिहा. चार-पाच वेळा असं केलंत की वहीच उत्तर देईल.

आता अंडी निवडायची कशी, ते सांगते. मध्यम आकाराचं, स्वच्छ, न तडकलेलं अंडं घ्या. फार लांबुडकं किंवा अगदी चेंडूसारखं गोल नको, त्यात पिल्लू नीट फिरत नाही. अंडी धुऊ नका. निमुळतं टोक खाली करून गार जागी ठेवा. आठवड्याच्या आतलीच बसवा. आपल्याकडं चैत्र-वैशाखात तीन-चार दिवसांपेक्षा जुनं नकोच. एका गावरान कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरे. सातव्या रात्री अंधारात मोबाईलची बॅटरी लावून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर फळ धरलंय. नुसता पिवळसर उजेड दिसला तर ते अंडं काढा. अठराव्या दिवसानंतर हात लावू नका. एकविसाव्या दिवशी पिल्लू टोच मारतं.

पिल्लू नर का मादी, हे आमच्या-तुमच्या डोळ्याला सहा-आठ आठवड्यांनी कळतं. कोंबड्याचा तुरा मोठा आणि लाल होतो, पाय जाड होतात, पाठीमागची पिसं टोकदार येतात. पहिल्याच दिवशी शेपटीखाली दाबून ओळखायची कला जपान्यांनी शंभरेक वर्षांपूर्वी बसवली. ते शिकलेल्या हाताचं काम, घरी करू नका, पिल्लाला इजा होते. काही संकरित जातींत पिल्लाच्या रंगावरनं किंवा पंखाच्या पिसांवरनं ओळखता येतं, पण गावरान पिल्लाला ते लागू नाही. पाळीव जपानी लाव्याचं मात्र सोपं असतं. तीन आठवड्यांनी नराची छाती तांबूस दिसते, मादीची ठिपक्यांची. रानातली तित्तर-लाव्याची किंवा मोराची अंडी मात्र कधी आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.

आता हिशेब. दहा अंडी बसवली तर सात-आठ पिल्लं निघतील असं धरा. त्यातलं एखादं-दुसरं घार, मुंगूस नाहीतर मानमोडी नेईल. मानमोडीसाठी पहिल्या आठवड्यात लासोटा लस चुकवू नका. उरलेल्यांत निम्मे कोंबडे. म्हणजे दहा अंड्यांमागं तीन तलंगा. जास्त निघाल्या तर देवाची कृपा, पण कर्ज तीनवरच काढा. कोंबडे जत्रेच्या आधी विकायचं ठरवून ठेवा, तेही पैसेच आहेत. आणि हमी देणाऱ्याला जपा. २०१९ साली कडकनाथच्या हमीवर आपल्याच सांगली, सातारा, कोल्हापूरच्या किती घरांचे पैसे बुडाले, ते आपण पाहिलंय.

हे सगळं गटाच्या बैठकीत सांगितलं, तेव्हा एक लेकुरवाळी सून हळूच म्हणाली, "काकी, मग माणसात कुणावरनं ठरतं?" मी सांगितलं, कोंबडीत नर-मादी मादीच्या बीजावरनं ठरतं, माणसात पुरुषाच्या बीजावरनं. तेही त्याच्या हातात नसतं. तिला दोन मुली आहेत. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या बैठकीला सासूला घेऊन आली आणि म्हणाली, "काकी, ते अंड्याचं परत एकदा सांगा."

मी परत सांगितलं. तुम्हीही सांगा.