ड्राय बाल्कनीतली ट्यूबलाइट आणि आईला बसलेला शॉक

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यू टिप्स नाहीत. आजचा विषय आहे ड्राय बाल्कनीतला दिवा. हसू नका, आधी ऐका.

आमचा चिंचवडचा फ्लॅट जुना आहे. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन, भांडी घासायचं सिंक आणि वर पत्र्याची पट्टी असलेली चोकवाली ट्यूब. एके दिवशी आई सहज म्हणाली, "अरे, ती पट्टी पुसताना हाताला झिणझिण्या येतात." मी विचारलं, कधीपासून? "झाले आठ-दहा दिवस. तू कामात होतास." ओला फडका, ओली फरशी, आणि आठ-दहा दिवस! माझ्या तर पोटात गोळाच आला.

मग काय, आपण बीटेक. दोन वायरी तर काढायच्यात! ऑनलाइन एक छान दिसणारी मेटल बॉडीची एलईडी पट्टी मागवली. रविवारी स्टुलावर चढलो, मेन स्विच खाली केला, पक्कड हातात घेतली. आणि लक्षात आलं, हॉलमधला पंखा फिरतोच आहे. इन्व्हर्टर! मेन बंद झाल्याबरोबर इन्व्हर्टरने लाइट-पंख्याची लाइन उचलली होती. म्हणजे मी ज्या वायरीला हात लावणार होतो, तीही त्याच लाइनवर. गुपचूप खाली उतरलो आणि वायरमन काकांना फोन केला.

काका आले. बटण बंद ठेवून त्यांनी ट्यूबच्या वायरीला टेस्टर लावला. पेटला! मी म्हटलं, "काका, बटण तर बंद आहे." ते म्हणाले, "बटण न्यूट्रलवर टाकलंय कुणीतरी. दिवा विझतो, फेज तिथेच राहतो." मग माझी नवी पट्टी बघून म्हणाले, "ही लोखंडी. हिला अर्थिंग कुठून देऊ? वर दोनच वायरी आल्यात."

आता यातलं लॉजिक समजून घ्या. जुन्या चोकचं इन्सुलेशन खराब झालं की करंट पत्र्यावर उतरतो. अर्थिंगची वायर असती, तर करंट तिच्यातून जमिनीत गेला असता. ती नसली, की वाट बघतो कुणी हात लावायची. मग एमसीबी का पडला नाही? कारण लाइटचा एमसीबी साधारण ६ किंवा १० अँपिअरचा असतो. तो वायर जळू नये म्हणून आहे. माणसाला मात्र ३० मिलीअँपिअरसुद्धा धोक्याचे. एमसीबीच्या दृष्टीने तेवढा करंट म्हणजे काहीच नाही.

माणसासाठी असतो आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत येतोय का, हे तो सतत ताडून बघतो. ३० मिलीअँपिअरवाला असेल, तर तेवढी गळती व्हायच्या आत-बाहेर क्षणात लाइन तोडतो. आमच्याकडे तो नव्हताच.

मग दिवा कोणता घ्यायचा? मी चार गोष्टी बघितल्या.

पहिली, बॉडी. अर्थिंग नसेल तर धातूची नकोच. प्लास्टिक बॉडी घ्या आणि तिच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण शोधा. त्याचा अर्थ डबल इन्सुलेशन, अर्थिंगची गरज नाही.

दुसरी, आयपी रेटिंग. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी २० म्हणजे पाण्यापासून काहीच संरक्षण नाही, हॉलमध्ये ठीक. आयपी ४४ ला कुठूनही उडालेले शिंतोडे चालतात. आयपी ६५ मध्ये धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवाराही चालतो. आमच्याकडे पावसाची झड थेट आत येते, म्हणून मी ६५ घेतला. पण वायर जिथून आत जाते तिथलं रबर नीट बसवलं नाही, तर ते ६५ फक्त खोक्यावर राहतं.

तिसरी, बीआयएसची खूण आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी नंबर. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकून तपासता येतो. माझ्या पहिल्या पट्टीवर असला नंबरच नव्हता. परत पाठवली.

चौथी, वॅट. चार फुटी जुन्या ट्यूबच्या जागी २० वॅटची एलईडी पट्टी पुरते. जास्त घेऊन उपयोग नाही.

काकांनी इन्व्हर्टर बंद केला, मेन बंद केला. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून तो नीट आहे ना बघितलं, मगच वायरीला हात लावला. बटण फेजवर घेतलं, दिवा बसवला. नंतर आरसीसीबीही बसवला, आणि इन्व्हर्टरवरची लाइटची लाइन त्याच्या संरक्षणात येते ना, हे मी मुद्दाम विचारून घेतलं.

आमच्या कामात चूक झाली तर रोलबॅक करता येतो. इथे नाही. त्यामुळे वायरिंग लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्या. आपण निवड नीट करू आणि प्रश्न विचारू.

एपिसोड संपला की दोन कामं करा. घरातल्या डीबीमध्ये आरसीसीबी आहे का बघा. असेल तर त्याचं टेस्ट बटण दाबा, तो पडलाच पाहिजे. हो, आधी लॅपटॉपवरचं काम सेव्ह करा! आणि दुसरं, आईला विचारा, "कुठे हाताला झिणझिण्या येतात का गं?" कारण ती आपणहून सांगेलच असं नाही.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!