ग्रंथालयातील संगणक आणि खिशातील श्राव्य ग्रंथ

ग्रंथालय हे पुस्तकांचे कोठार नसून वाचकाच्या हाती पुस्तक पोचविणारी संस्था होय, हा विचार डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली आपल्या पाच सूत्रांतून मांडला. प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ लाभावा, हे त्यांतील दुसरे सूत्र. परंतु ज्या वाचकाचा ग्रंथ कागदावर नसून ध्वनीत आहे, त्याच्या वाट्याला हे सूत्र कितपत येते?

दृष्टिहीन वाचकाजवळ पुष्कळदा गाणी ऐकण्याचे एक लहानसे यंत्र असते. इतरांस ते करमणुकीचे साधन वाटते. त्याला मात्र तेच पुस्तकाचे कपाट होय. त्यात नवा ग्रंथ भरावयाचा तर बहुधा संगणक पाहिजे, आणि तो घरी नसेल तर सार्वजनिक ग्रंथालयाची पायरी चढल्यावाचून गत्यंतर नाही. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा व वाशीम असे त्याचे सहा तालुके. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने राज्यात अनुदानित ग्रंथालयांची जी परंपरा उभी राहिली, तिच्यातील ज्या ग्रंथालयात संगणक पोचला असेल तेथे हा प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहणारच.

कायद्याची वाट मोकळी झालेली आहे. प्रताधिकाराच्या कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन अपंग वाचकांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती करण्यास मुभा मिळाली. माराकेश येथील आंतरराष्ट्रीय करारास २०१४ साली सर्वप्रथम मान्यता देणारे राष्ट्र भारतच होते. २०१६ साली केंद्र सरकारच्या पुढाकाराने ‘सुगम्य पुस्तकालय’ सुरू झाले आणि नोंदणी केलेल्या वाचकास घरबसल्या ग्रंथ उतरवून घेता येऊ लागले. एवढे सर्व होऊनही शेवटची वीतभर वाट अडते, ती संगणकाच्या यूएसबी खाचेपाशी.

ही खाच बंद ठेवणाऱ्या ग्रंथपालाची भीती निराधार आहे, असे म्हणता येणार नाही. २००८ साली ‘कॉनफिकर’ नावाचा उपद्रवी प्रोग्राम जगभर फैलावला, आणि त्याच्या प्रसाराचा एक मार्ग पेन ड्राइव्ह हाच होता. जोडलेल्या साधनातील प्रोग्राम आपोआप सुरू होण्याची जी सोय विंडोजमध्ये होती, तिचा त्याने लाभ घेतला. मात्र पुढे ती सोयच आवरण्यात आली. म्हणून खाच बंद करण्याऐवजी ही स्वयंचलित सोय बंद आहे याची खात्री करणे, व्हायरस-प्रतिबंधक प्रोग्राम अद्ययावत ठेवणे आणि वाचकास व्यवस्थापकाचे अधिकार न देणे, हाच उचित मार्ग होय.

यंत्रांचेही प्रकार लक्षात घ्यावयास हवेत. काही यंत्रे संगणकाला साध्या पेन ड्राइव्हसारखी दिसतात. त्यांस वेगळा प्रोग्राम लागत नाही, फाइल उचलून ठेवली की काम झाले. २००१ साली निघालेल्या आयपॉडची गोष्ट निराळी. त्यास आयट्यून्स लागे, आणि तो एकाच संगणकावरील संग्रहाशी बांधलेला असे. दुसऱ्या संगणकाशी जुळवू गेल्यास आधीची गाणी पुसली जाण्याचा धोका असे. अशा यंत्राची जुळवणी सामायिक संगणकावर न करणेच बरे, हे वाचकास आधीच सांगितले पाहिजे.

दुसरी एक गोष्ट सांगून ठेवावयाची असते. पुष्कळ सार्वजनिक संगणक बंद करून पुन्हा सुरू करताच मूळ स्थितीस येतात. मागील वाचकाचे काहीही उरत नाही, हा त्यांचा गुण. परंतु तासभर बसून उतरवलेला ग्रंथ यंत्रात भरण्यापूर्वी संगणक बंद झाला, तर ते श्रम वाया जातात. शिवाय पडदाच न दिसणाऱ्या वाचकास संगणक बोलता हवा. त्यासाठी एनव्हीडीए हा विनामूल्य प्रोग्राम आणि कानाला लावावयाचा हेडफोन एवढे पुरे. यंत्र काढण्यापूर्वी ते सुरक्षित काढण्याची आज्ञा संगणकास द्यावी, हेही शिकवावे. गाणी असोत वा ग्रंथ, ग्रंथपालाने स्वतः प्रती वाटू नयेत. वाचकाने आपल्या हक्काचे तेवढेच भरावे.

रक्षण आणि उपयोग यांचा विरोध मानण्याचे कारण नाही, याची साक्ष या जिल्ह्यातील कारंजा गावच देते. तेथील जैन मंदिरांनी शतकानुशतके हस्तलिखिते जिवापाड जपली. रायबहादूर हिरालाल यांच्या १९२६ च्या सूचीत त्यांची नोंद झाली. १९३१ साली डॉ. प. ल. वैद्य यांनी पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ हे अपभ्रंश काव्य संपादून कारंजा ग्रंथमालेत प्रसिद्ध केले. कुलपे होती म्हणून ग्रंथ टिकले. ती योग्य हाती उघडली म्हणून ते वाचले गेले. संगणकाच्या त्या अर्ध्या बोटाएवढ्या खाचेलाही हाच न्याय लावावयास हवा.