मेंदूच्या एका भागाची नोंद
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



सरासरी आणि सहसंबंध शिकून पुढे उपयोग काय, असे तुम्ही नेहमी विचारता. त्याचे एक उत्तर आज तुमच्यापुढे ठेवतो.

मेंदूचा जो भाग काम करतो, तिकडे प्राणवायूयुक्त रक्त अधिक जाते आणि एम.आर.आय. यंत्रातील संकेत तेथे किंचित वाढतो. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये हे तत्त्व मांडले. समजा, एका चित्रात ६४ × ६४ × ३०, म्हणजे १,२२,८८० घनाकृती ठिपके आहेत. दर २ सेकंदांनी एक चित्र घेतले, तर १० मिनिटांत ३०० चित्रे होतात. या ढिगातून हाताची हालचाल सांभाळणारा भाग वेगळा कसा काढावा?

येथे मास्क कामी येतो. मास्क म्हणजे हव्या त्या जागी भोक पाडलेला पुठ्ठाच म्हणा ना! हव्या ठिपक्यांना १, बाकीच्यांना ०. आतील ठिपक्यांची प्रत्येक चित्रात सरासरी काढली, की ३०० आकड्यांची एक मालिका मिळते. हाच त्या भागाचा कालालेख. एकट्या ठिपक्याची नोंद डळमळीत असते. सरासरीने ती स्थिरावते.

१९९५ साली भरत बिस्वाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत आधी बोटे हलवायला लावून हालचाल-केंद्राची जागा निश्चित केली. मग माणूस स्वस्थ पडलेला असताना त्या जागेचा आलेख इतर ठिपक्यांशी ताडून पाहिला. हात हलत नसतानाही दुसऱ्या बाजूचे केंद्र त्याच लयीत चढउतार करीत होते!

मात्र पथ्ये पाळावी लागतात. मास्क चित्रावर बरोबर बसला पाहिजे. डोके हलले तर आलेख फसवतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मास्क आधी ठरवावा. निकाल पाहून सोयीचे ठिपके निवडणे म्हणजे चांगले गुण मिळालेले विषय तेवढे धरून टक्केवारी सांगणे होय.

पालकांनो, असे निष्कर्ष बहुधा अनेक माणसांच्या नोंदी एकत्र करून काढलेले असतात. एका मुलाचा आलेख पाहून त्याने विज्ञान घ्यावे की वाणिज्य, हे सांगता येत नाही. तसे कोणी सांगितले, तर पैसे देण्यापूर्वी विचारा : मास्क कोणता, तो केव्हा ठरवला, माणसे किती?

आणि विद्यार्थ्यांनो, अशा अनेक नोंदी व ‘नायलर्न’सारखी संगणकीय साधने आज विनामूल्य मिळतात. मुलींनो, मुलांनो, गणिताचा पाया पक्का करा. हे दार तुम्हालाही खुले आहे.