जुन्या व्हॅनचा पंखा आणि वर्ध्याचें ऊन

माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें व हयात शाळेंत गेलेली. तेव्हां हें भाषण कोणा यंत्रज्ञाचें नसून एका जुन्या मारुति ओम्नीच्या मालकाचें आहे. ही व्हॅन १९८४ सालीं बाजारांत आली, २०१९ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. माझी मात्र अद्याप चालते.

गेल्या मे महिन्यांत हिंगणघाटास एका वरातीमागें ती अर्धा तास खोळंबली आणि उष्णतामानाचा कांटा चढूं लागला. धांवत्या गाडीस वारा मिळतो. उभ्या गाडीच्या रेडिएटरला विजेच्या पंख्याचाच आधार. तो सुरूं करणारा स्विच निकामी झाला होता. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, आपल्याकडचें ऊन पाहतां थंड स्विच घ्या, पंखा लवकर लागेल." मला तें पटलें. पुढें पंखा थांबेचना! त्याची तार थेट बॅटरीवरून घेतलेली, त्यामुळें गाडी बंद केल्यावरहि तो फिरत राही. एके पहांटे पत्नीस सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयांत न्यावयाचें होतें, आणि बॅटरी गतप्राण. शेजाऱ्यांची गाडी मिळाली म्हणून निभावलें.

मग मीं हिशेब मांडला. इंजिनाचा थर्मोस्टॅट ८२ अंशांवर उघडणारा. पाणी त्याहून फारसें निवूं न देणें हेंच त्याचें काम. नवा स्विच लागे ८२ वर आणि बंद होई ७७ वर. चालत्या इंजिनांत पाणी तितकें उतरणार कसें? शिवाय रेडिएटरमधून उष्णता जाते ती पाणी व हवा यांच्या उष्णतामानांतील फरकानें. ४६ अंशांच्या उन्हांत ९२ अंशांच्या पाण्यास ४६ अंशांचा फरक मिळतो, ८२ च्या पाण्यास अवघा ३६. पंखा फिरत असूनहि कांटा चढत असेल तर स्विच बदलूं नये; नळ्यांतला गाळ पाहावा.

स्विच इंजिनांतून येणाऱ्या ऊन पाण्यांत असेल तर थर्मोस्टॅटच्या आंकड्याहून सुमारें १० अंश वर लागणारा घ्यावा. रेडिएटरच्या खालच्या टाकींत निवालेलें पाणी येतें. तेथें हा ठोकताळा चालत नाहीं, मूळ स्विचचाच आंकडा धरावा. आटे जुळावयास हवेत हें ओघानें आलेंच.

दुसरा स्विच घेतल्यावर मीं त्याचें टोंक तेवढें पातेल्यांतील पाण्यांत बुडविलें, तारा कोरड्या ठेवून बॅटरी व लहान दिवा जोडला आणि शेजारीं तापमापक धरला. दिवा ९३ वर लागला, पाणी निवतांना ८८ वर विझला. तोच स्विच गाडींत बसविला. पातेलें मात्र स्वयंपाकघरांत परत घेतलें गेलें नाहीं.