औंढ्याची भिंत



फलकावर औंढा नागनाथाचे नाव वाचून आज पुराण ऐकायला मिळणार, अशी कोणाची समजूत झाली असेल, तर त्यांची मी आधीच क्षमा मागतो. मी पुराणिक नव्हे. मला आज तुमच्याशी एका भिंतीविषयी बोलायचे आहे.

आपण हिंगोलीकर औंढ्याला किती वेळा गेलो असू, याची मोजदाद नाही. श्रावणातले सोमवार झाले, महाशिवरात्र झाली, घरी पाहुणा आला म्हणजे त्याला दर्शन घडवणे झाले. गाडीतून उतरायचे, बेलफूल घ्यायचे, रांगेत लागायचे, पाठ वाकवून त्या अरुंद पायऱ्यांनी तळघरासारख्या गाभाऱ्यात उतरायचे आणि घामाघूम होऊन वर यायचे. अर्ध्या तासात आपण परत गाडीत. बाहेरच्या भिंतीकडे आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले आहे?

माझी आजी पाहत असे. तिला अक्षरओळख नव्हती. पण प्रदक्षिणेत ती हात भिंतीवरून फिरवीत चाले आणि म्हणे, "बघ, इथपर्यंत थंडगार लागतं, वर नाही." पुष्कळ वर्षांनी मला तिच्या बोलण्याचा अर्थ कळला. खालचा भाग घडीव दगडाचा, यादवकाळाच्या सुमाराचा. आणि त्यावरचे विटाचुन्याचे काम बरेच नंतरचे. मंदिराची मोडतोड झाली, पुढे ते पुन्हा उभे राहिले. या जीर्णोद्धाराचे श्रेय परंपरेने अहल्याबाई होळकरांना दिले जाते. खालचा काळा, वरचा पांढरा. दोन्हींचा सांधा डोळ्यांना सहज दिसतो. कोणी तो लपवला नाही, हे आपले भाग्य. गावाच्या आपत्तीची आणि सावरण्याची नोंद त्या एका रेषेत आहे.

अशा बांधणीला आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा प्रधान, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. पण दगडावर दगड बसवून चुन्यावाचून देऊळ उभारण्याची विद्या त्याच्या आधीपासून चालत होती. नाव मात्र प्रधानाचे झाले आणि पाथरवटांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. असे नेहमीच होते म्हणा!

त्या पाथरवटांनी काय केले आहे ते पाहा. देवदेवता आहेत, योद्धे आहेत, आणि एका कोपऱ्यात रुसून बसलेल्या पार्वतीची शंकर समजूत घालीत आहेत. संसारी माणसाने तेथे थोडा वेळ अवश्य उभे राहावे. पुष्कळ मूर्तींचे नाकडोळे गेले आहेत. पण रुसवा अजून ओळखू येतो.

याच औंढ्याला नामदेवांना विसोबा खेचर भेटले, असे परंपरा सांगते. गोरोबाकाकांनी मडके कच्चे ठरवले आणि पंढरीचा लाडका भक्त गुरूच्या शोधात इकडे आला. पाहतो तो गुरू शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेले! नामदेवांचे कीर्तन पुजाऱ्यांनी मागे हटवले तेव्हा देऊळच फिरले, ही कथाही तुम्हांस माहीत आहे. नंदी आजही देवळाच्या पाठीशी आहे. ही कथा अक्षरशः घ्यावी की नाही, यावर मी वाद घालणार नाही. एवढे मात्र सांगतो, ज्यांना मागे पाठवले त्यांच्याकडे देवाने तोंड फिरवले, असे म्हणण्याचे धैर्य या मुलखातल्या माणसांना झाले. आणि नर्सी येथून आहे तरी किती लांब? तेथे पंजाबातले यात्रेकरू येतात, कारण नामदेवांची ६१ पदे गुरुग्रंथसाहेबात आहेत.

आता औंढ्याकडे जग दुसऱ्याच वाटेने येत आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो प्रयोगशाळेसाठी औंढ्याजवळची जागा निवडली गेली आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. चार चार किलोमीटरांच्या दोन भुजा, काटकोनात. या कामाला जमीन शांत लागते. अशीच एक प्रयोगशाळा इटलीत पिसा शहराजवळ आहे.

इटलीचे नाव निघालेच आहे, तर त्या देशाच्या दक्षिणेकडील मातेरा गावाची हकिगत सांगतो. तेथे लोक डोंगरात कोरलेल्या घरांत पिढ्यान्पिढ्या राहत. माणसे, गाढव, कोंबड्या एकाच छपराखाली. देशाला त्याची लाज वाटू लागली. १९५२ मध्ये कायदा झाला आणि सुमारे १५,००० लोकांना नव्या वस्तीत हलवण्यात आले. गुहा ओस पडल्या. १९९३ मध्ये त्याच गुहांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हटले, आणि आज तेथे प्रवाशांसाठी हॉटेले आहेत. त्या लोकांना रोगराईतून सोडवले हे योग्यच झाले. पण कोणत्या घरात कोण राहत होते, हे घरातून निघालेल्या म्हाताऱ्यांनाच ठाऊक होते.

औंढ्याला रस्ते रुंद होतील, दुकाने वाढतील, व्हायलाच हवीत. माझे मागणे लहान आहे. आपल्या शाळांतल्या वरच्या वर्गातील मुलांनी एका उन्हाळ्यात सकाळच्या उन्हात, गुरुजींबरोबर आणि देवस्थानाच्या परवानगीने, त्या भिंतीची दगडागणिक टिपणवही करावी. प्रत्येक मूर्तीचे छायाचित्र, कोणत्या बाजूस, किती हात उंचीवर, काय शाबूत, काय तुटलेले, कोठे तेल आणि कोठे रंग चढला आहे. गावातल्या वृद्धांना विचारून त्यांनी ठेवलेली नावेही लिहावीत. वहीची एक प्रत औंढ्यास राहावी आणि एक येथे, हिंगोलीच्या वाचनालयात. वह्यांचा खर्च मी देतो.