रांगेत सोबत उभं राहणं



स्वयंसेवकांच्या संमेलनाला अध्यक्ष म्हणून एखादा नावाजलेला समाजसेवक शोधायचा, निदान एखादा निवृत्त सनदी अधिकारी तरी. संयोजकांनी बँकेच्या काउंटरवर नोकरी काढलेल्या एका बाईला बोलावलं. मी आढेवेढे घेतले नाहीत. आपण ज्यांच्यासाठी काम करतो ती माणसं मी काउंटरच्या आतून पाहिली, आणि निवृत्तीनंतर त्यांच्याबरोबर बाहेरच्या रांगेत उभी राहूनही पाहते आहे. दोन्ही बाजूंचं दृश्य फार वेगळं दिसतं, एवढंच माझं भांडवल.

मला जे सांगायचं आहे ते आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना मधेच चहाला उठायचंय त्यांची अडचण नको. आपल्या संस्था वस्तू वाटण्यात फार रमतात आणि सोबत करण्यात कमी पडतात. गरीब कुटुंबाला आणि एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला कायद्यानं आणि सरकारी योजनांनी आज बरंच काही देऊ केलेलं आहे. ते तुटपुंजं आहे, पण आहे. ते त्यांच्या घरापर्यंत पोचत नाही, कारण मधल्या चार खिडक्या त्यांना एकट्यानं पार करता येत नाहीत. आपलं खरं काम त्या खिडक्यांपाशी आहे.

ही काही माझी नवी कल्पना नव्हे. याच पुणे शहरात १८७० मध्ये सार्वजनिक सभा निघाली. १८७६-७८ च्या दुष्काळात सभेनं आपली माणसं गावोगाव पाठवली आणि तिथली हालहवाल लिहून आणून सरकारपुढं मांडली. त्याच दुष्काळात सत्यशोधक समाजाची मंडळी उपाशी मुलांना जेवू घालत होती. सावित्रीबाईंनी १८७७ मध्ये ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्या भागातली दैना वाचायला मिळते. पोटाला अन्न आणि कागदावर माहिती, दोन्ही कामं तेव्हाच्या लोकांना सारखीच निकडीची वाटली होती. पुढं १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांनी सभेकडून आणखी एक काम करून घेतलं. दुष्काळात रयतेला काय मिळायला हवं हे सरकारच्याच फॅमिन कोडात लिहिलेलं होतं, फक्त रयतेला ते ठाऊक नव्हतं. सभेच्या कार्यकर्त्यांनी ते मराठीत आणून गावोगाव समजावून सांगितलं. धान्य वाटणाऱ्यांचं सरकार कौतुकच करतं. नियम समजावून सांगणारे मात्र त्याला खुपले, आणि १८९७ मध्ये सरकारनं सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. रमाबाई रानड्यांचं सेवासदन १९०९ चं, ना. म. जोशींची मुंबईतली सोशल सर्व्हिस लीग १९११ ची. ती मोठी परंपरा आहेच, पण मला विचाराल तर आपलं मूळ त्या फॅमिन कोडच्या मराठी पत्रकात आहे.

आता आजच्या खिडक्यांकडे येते.

संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आपल्या सगळ्यांच्या तोंडी असतात. बहुतेकांना महिना दीड हजार रुपये. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातला वाटा तर साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसामागे अजूनही महिना २०० रुपये आहे; आज दोनशे रुपयांत महिन्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या निघाल्या तर नशीब. आणि या योजनांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न किती असावं? २१,००० रुपयांच्या आत. महिन्याला साडेसतराशे. दोन घरची धुणीभांडी करणारी बाईसुद्धा या मर्यादेच्या बाहेर जाते. म्हणजे तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला घेताना एकतर तिनं खोटं बोलायचं, नाहीतर म्हातारपणी उपाशी राहायचं. ही मर्यादा बदलली पाहिजे असा ठराव आज संध्याकाळी येणार आहे. त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

अर्ज मंजूर झाला तरी गोष्ट संपत नाही. मी पाहिलेलं एक उदाहरण सांगते, नाव सांगत नाही. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतल्या एका आजींचं अनुदान अचानक बंद झालं. आजी दर महिन्याला पासबुक घेऊन बँकेत जायच्या, छापून घ्यायच्या, नवी ओळ आली नाही की परत यायच्या. बँकेतला मुलगा सांगे, ‘सरकारकडून आलं नाही.’ तहसीलमध्ये सांगत, ‘आम्ही टाकलंय.’ दोघंही खरं बोलत होते. आता पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि शेवटचं ज्या खात्याला आधार जोडलं त्या खात्यात जातात. आजींच्या सुनेनं बचत गटाच्या कामासाठी त्यांचं दुसऱ्या बँकेत एक खातं उघडून दिलं होतं आणि तिथं आधार जोडलं होतं. पैसे महिनोन्‌महिने त्या खात्यात साठत होते. आजींना ते खातं आठवतही नव्हतं. कुणीही चोरी केली नव्हती, कुणी अडवणूकही केली नव्हती. आधार कुठल्या बँकेला जोडलंय हे एकदा तपासून बघण्याची गरज होती, आणि तेवढं तपासणारं माणूस आजींच्या आयुष्यात नव्हतं. अशा घरी तुम्ही साखर-डाळीची पिशवी देऊन आलात तर ती आठ दिवसांत संपते. ते खातं शोधून दिलंत तर दर महिन्याची सोय होते.

रेशनच्या दुकानातलं यंत्र तर तुम्हाला पाठच असेल. जन्मभर विटा वाहिलेल्या, भांडी घासलेल्या हातांचा अंगठा उमटत नाही. तो पदराला पुसायचा, तेल लावायचं, पुन्हा ठेवायचा, आणि यंत्र पुन्हा नाही म्हणणार. अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नये अशा सूचना केंद्रानं २०१७ मध्येच दिलेल्या आहेत. दुकानदाराला त्या माहीत असतात. पण म्हातारी एकटी असली की त्या त्याला आठवत नाहीत. शेजारी कुणी शांतपणे उभं असलं की आठवतात. भांडावं लागतंच असं नाही. बरेचदा नुसतं उभं राहिलं तरी पुरतं.

रुग्णालयांचंही तसंच. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या, अशी मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मान्य केलेली योजना आहे. किती नातेवाईक दाखल करतानाच हे विचारतात? बिल हातात पडल्यावर विचारायला गेलं तर उशीर झालेला असतो. आपल्या प्रत्येक स्वयंसेवकाला ही योजना तोंडपाठ हवी, आणि रुग्णाच्या रेशनकार्डाची प्रत पिशवीत हवी.

ज्येष्ठांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा मात्र जरा नाजूक प्रकरण आहे. आईवडिलांना महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो, अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करता येतो, आणि त्यांना स्वतःला जमत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली संस्थाही त्यांच्या वतीनं अर्ज करू शकते. पण अर्ज पुढं केला की बहुतेक आया म्हणतात, ‘लेकावर केस करू होय गं? लोक काय म्हणतील?’ इथं घाई करणारा कार्यकर्ता मला धोक्याचा वाटतो. म्हातारीला त्याच घरात, त्याच सुनेच्या हातचं जेवायचं असतं. त्याच कायद्यात आधी समेटाचा प्रयत्न करण्याची सोय आहे, ती वापरा. आणि आईनं नको म्हटलं तर ते ऐका. आपल्या संस्थेच्या अहवालात एक केस जास्त दिसावी म्हणून कुणाचं घर मोडू नका.

तरुण कुटुंबांविषयी थोडक्यात. शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के जागांचा अर्ज ऑनलाइन असतो, त्याला मुदत असते, आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बापाकडे पत्त्याचा पुरावा नसतो, कारण घरमालक भाडेकरार करून देत नाही. फेब्रुवारीत कागद गोळा करायला बसलात तर निम्म्या मुलांचा अर्ज राहतो. दिवाळीतच सुरुवात करा.

दिवाळीचं नाव निघालंच आहे. दिवाळीच्या आठवड्यात आपल्या वस्त्यांमध्ये फराळाच्या डब्यांचा पूर येतो. एका घरात चार-चार डबे येतात, त्यामागं चार बॅनर आणि चार फोटो. जूनमध्ये पत्रा गळायला लागतो, मुलाला वह्या-गणवेश लागतो आणि आजोबांचा दमा उसळतो, तेव्हा तीच गल्ली ओस असते. फोटोबद्दल माझं मत कडक आहे, रागावलात तरी चालेल. वस्तू घेणाऱ्या माणसाचा चेहरा दिसणारा एकही फोटो आपल्या कुठल्याही संस्थेनं काढू नये. देणगीदाराला हिशेब दाखवायचा असेल तर बिल दाखवा. ज्या बापाची मुलगी शेजारच्या शाळेत शिकते, त्याला पिशवी घेताना हात पुढं केलेल्या अवस्थेत भिंतीवर टांगायचा आपल्याला काय अधिकार?

पैशाच्या बाबतीत काउंटरवरची बाई म्हणून काही गोष्टी सांगते, त्या कंटाळवाण्या असतात पण ऐका. कुणाचंही पासबुक, एटीएम कार्ड किंवा आधार आपल्या घरी ठेवायचं नाही, त्यांनी कितीही विश्वासानं दिलं तरी. पिन विचारायचा नाही; त्यांनी आपणहून सांगितला तर बदलून घ्यायला लावायचा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही घ्यायचा नाही. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या घरी शक्यतो दोघांनी जायचं, आणि पैसे काढताना मोजायचं काम त्यांनाच करू द्यायचं, वेळ लागला तरी. पाठीमागची रांग चुळबुळ करते, करू दे. ज्येष्ठांना फसवणारे आधी त्यांचा विश्वासच मिळवतात आणि आपणही तेच करत असतो, म्हणून आपलं वागणं दिसायलाही स्वच्छ असलं पाहिजे.

मग हे करणार कोण? समाजकार्याचं रीतसर शिक्षण घेतलेली मंडळी इथं आहेत, त्यांना आपण हौशी वाटतो. काही अंशी ते बरोबर आहे. मुंबईत टाटांची समाजकार्याची संस्था १९३६ पासून आहे. या कामाला शास्त्र आहे हे नाकारून चालणार नाही. त्यांच्याकडून शिकून घ्यावं. पण पगारी कार्यकर्त्यांच्या बळावर प्रत्येक गल्ली गाठणं कुठल्याही संस्थेला परवडणारं नाही, आणि मंगळवारी सकाळी अकरा वाजता तहसीलच्या बाकावर दोन तास बसायला वेळ कुणाकडे असतो? निवृत्त माणसाकडे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची दहा कोटींहून जास्त माणसं होती, आता त्याहून कितीतरी अधिक असतील. त्यातले सगळेच मदत मागणारे नाहीत. सभागृहातली निम्मी डोकी पांढरी दिसतायत. ज्येष्ठ नागरिक संघांमध्ये व्याख्यानं होतात, सहली निघतात, वाढदिवस साजरे होतात, आणि हे सगळं छानच आहे. पण शाखा व्यवस्थापक, शिक्षक, तालुका कचेरीतले अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेली माणसं तिथं बसलेली असतात. ज्या खिडकीच्या आत ते तीस वर्षं बसले, तिच्या बाहेर त्यांच्याइतका उपयोगी माणूस दुसरा मिळायचा नाही.

परदेशात मुलं असलेल्या आईवडिलांचे फोन हल्ली वाढले आहेत. न्यू जर्सीतून मुलगा विचारतो, ‘काकू, बाबांना दवाखान्यात कुणी नेईल का? किती द्यायचे?’ त्याचा हेतू वाईट नसतो. मी त्याला सांगते, बाबांना नेऊ. तू त्याच रकमेत वस्तीतल्या एका आजोबांच्या रिक्षाचं भाडं दे.

रिक्षाच्या भाड्यावरून आठवलं. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावलं. त्या पैशांतून इमारती होतात, यंत्रं येतात, त्यावर पाटी लावता येते. रिक्षाच्या भाड्यावर पाटी लावता येत नाही, म्हणून ते कुणी देत नाही. कागदाच्या झेरॉक्स, फोनचं बिल, दुपारचा वडापाव, स्वयंसेवकाचा विमा हे खर्च अहवालात लाजून लपवू नका. ठळक लिहा आणि मागा. फुकट काम करणाऱ्या माणसाला काम करण्याचा खर्च स्वतःच्या खिशातून करायला लावणं बरोबर नाही, आणि तो फार दिवस टिकतही नाही.

सभागृहाच्या दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. तिच्यात देणगीचा रकाना नाही. आपलं नाव, आपली गल्ली किंवा गाव, आणि आठवड्यातला एक वार, एवढंच लिहायचं आहे. त्या वारी त्या भागातल्या ज्या कुणाला बँकेत, रेशन दुकानात, दवाखान्यात किंवा तहसीलमध्ये जायचं असेल, त्याच्याबरोबर तुम्ही जाल. वार लिहिलात तर तो पाळा. पाळता येणार नसेल तर कृपा करून लिहू नका. म्हातारी माणसं सकाळपासून तयार होऊन दारात बसलेली असतात. जेवणाला अजून अर्धा तास आहे आणि वहीशेजारी पेन ठेवलेलं आहे.